डोळ्यांचा कोरडेपणा आणि पापण्यांच्या ग्रंथींवरचे प्रकाशोपचार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'कोरड्या डोळ्यांसाठी आयपीएल घेऊ का?' अशी विचारणा आता जवळजवळ रोज होते. आयपीएल म्हणजे गालाच्या त्वचेवर प्रकाशाचे झपकारे सोडून करायचा उपचार (प्रश्न ३). बहुतेकांनी आधी किंमत विचारलेली असते. 'माझ्या डोळ्यांचा कोरडेपणा नेमका कुठल्या प्रकारचा?' हे मात्र विचारायचं राहिलेलं असतं. म्हणून लोक पाठवतात ते प्रश्न शक्यतो त्यांच्याच शब्दांत ठेवून इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वाचून उपचार ठरवू नका; डॉक्टरांना काय विचारायचं ते ठरवा.

१. माझ्या डोळ्यांतून सारखं पाणी येतं. मग डॉक्टर 'डोळे कोरडे आहेत' असं कसं म्हणतात?

डोळ्यावरचा अश्रूंचा थर नुसत्या पाण्याचा नसतो. खाली डोळ्याला धरून ठेवणारा चिकट भाग, त्यात मिसळलेलं पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा अशी त्याची रचना असते. वरचं तेल कमी पडलं किंवा बिघडलं की खालचं पाणी भराभर उडून जातं. कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा, उघडा पडतो, चुरचुरतो, आणि त्याला उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. गाडीवर वारा लागला किंवा एसीसमोर बसलं की डोळे वाहतात ते यामुळेच. ते पाणी गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही. त्यामुळे डोळा पाणावलेलाही असतो आणि कोरडाही.

२. पापण्यांमध्ये तेलाच्या ग्रंथी असतात हे पहिल्यांदाच ऐकलं. त्या बिघडतात म्हणजे काय होतं?

जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यांनी १६६६ मध्ये या ग्रंथींचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी उभ्या ओळीत असतात. त्यांची तोंडं पापणीच्या कडेला, केसांच्या मागच्या बाजूला उघडतात. प्रत्येक वेळी पापणी पूर्ण मिटली की थोडं तेल बाहेर येतं.

निरोगी तेल पातळ आणि स्वच्छ असतं. बिघडलेलं तेल थंडीतल्या खोबरेल तेलासारखं थिजतं आणि तोंडाशीच अडकतं. मागे साचलेल्या तेलामुळे ग्रंथीवर ताण येतो, कडेला सूज आणि लाली येते, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर ग्रंथी आक्रसत जाते. पूर्ण आक्रसलेली ग्रंथी पुन्हा उभी राहील यावर विसंबता येत नाही. उशीर नको, असं आम्ही कळकळीनं सांगतो ते यासाठीच.

वय, रजोनिवृत्ती, रोझेशिया (चेहरा लाल होण्याचा त्वचाविकार), मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइनची गोळी, वर्षानुवर्षांच्या काँटॅक्ट लेन्स अशी बरीच कारणं आहेत. स्क्रीनसमोर आपण पापण्या कमी वेळा मिटतो आणि मिटतो तेव्हाही अर्ध्याच मिटतो, हे आजचं मोठं कारण. आणखी एक घराघरातलं आहे: पापणीच्या आतल्या काठावर भरलेलं काजळ. ते थेट या ग्रंथींच्या तोंडांवरच बसतं.

३. प्रकाशोपचार म्हणजे लेझरच ना?

नाही. लेझर म्हणजे एकाच तरंगलांबीचा, एकाच दिशेनं जाणारा प्रकाश. आयपीएल, म्हणजे इंटेन्स पल्स्ड लाइट, यात झेनॉनच्या दिव्यातून साधारण ५०० ते १२०० नॅनोमीटर पट्ट्यातल्या मिश्र प्रकाशाचे अगदी क्षणभराचे झपकारे त्वचेवर सोडतात. नको असलेला भाग गाळायला फिल्टर लावतात. कोरड्या डोळ्यांसाठी बहुधा ५६० किंवा ५९० नॅनोमीटरच्या वरचाच प्रकाश वापरतात.

दुसरा प्रकार सौम्य लाल प्रकाशाचा. त्याला लो-लेव्हल लाइट थेरपी म्हणतात. यात एलईडी बसवलेला मास्क मिटलेल्या डोळ्यांवर साधारण १५ मिनिटं ठेवतात आणि प्रकाश ६३३ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो. झपकारे नाहीत, फक्त ऊब जाणवते. काही ठिकाणी एकाच भेटीत आधी आयपीएल आणि मग मास्क असं दोन्ही करतात.

लिपीफ्लो हे नाव तुम्ही ऐकलं असेल. तो प्रकाशोपचार नाही. त्यात पापणीला आतून सुमारे ४२.५ अंश सेल्सिअसची उष्णता आणि बाहेरून दाब देतात.

४. प्रकाश गालावर मारतात. फायदा पापणीला कसा होतो?

याची एकच एक यंत्रणा सिद्ध झालेली नाही. चार-पाच गोष्टी एकत्र घडत असाव्यात. पापणीच्या कडेला सूज असली की तिथे बारीक, फुगलेल्या रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं आणि त्यांतून सूज वाढवणारी रसायनं ग्रंथींपर्यंत पोचत राहतात. आयपीएलचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं, तापतं, आणि त्या वाहिन्या बंद पडतात. गालाच्या वरच्या भागातल्या आणि पापणीतल्या वाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे परिणाम पापणीपर्यंत जातो. शिवाय उष्णतेनं तेल सैल होतं, पापण्यांच्या मुळाशी राहणारे डेमोडेक्स किडे कमी होतात (प्रश्न १६), आणि अश्रूंतल्या सूज वाढवणाऱ्या प्रथिनांचं प्रमाण घटल्याचंही अभ्यासांत दिसलं आहे.

लाल मास्कचा रोख रक्तवाहिन्यांवर नसतो. तो प्रकाश पेशींतल्या मायटोकाँड्रियामध्ये, म्हणजे ऊर्जा बनवणाऱ्या भागांत, शोषला जाऊन पेशींचं काम सुधारतो, असं मानलं जातं.

५. याला पुरावा आहे, की फक्त जाहिरात?

पुरावा आहे, पण जाहिरातीत दिसतो तेवढा पक्का नाही. आयपीएल आलं त्वचाविकारांच्या दवाखान्यातून. रोझेशियासाठी ते घेणाऱ्या रुग्णांचे कोरडे डोळेही सुधारतात, हे अमेरिकेतल्या मेम्फिस इथले नेत्रतज्ज्ञ रोलांडो टॉयोस यांनी २००० च्या दशकाच्या सुरुवातीला टिपलं आणि पुढे त्यावर काम केलं. २०१७ च्या 'ड्यूज टू' या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ अहवालात आयपीएलला उपचारांच्या दुसऱ्या पायरीवर जागा मिळाली; पहिली पायरी शेक, स्वच्छता आणि कृत्रिम अश्रूंची. २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेनं, या कारणासाठी ल्युमेनिस कंपनीच्या ऑप्टिलाइट यंत्राला मान्यता दिली.

त्या मान्यतेतली दोन वाक्यं जाहिरातींत सहसा नसतात. एक, मान्यता कोरडेपणाच्या 'चिन्हांत' सुधारणा होण्यासाठी आहे. चिन्हं म्हणजे डॉक्टरांना तपासणीत दिसणाऱ्या गोष्टी. दोन, हा उपचार पूरक म्हणून, म्हणजे ग्रंथी दाबून रिकाम्या करणं, कृत्रिम अश्रू आणि गरम शेक यांच्या जोडीनं वापरायचा आहे.

कॉक्रेन या संस्थेनं २०२० मध्ये तोवरच्या अभ्यासांची छाननी केली तेव्हा निकषांत बसणाऱ्या फक्त तीन चाचण्या सापडल्या, त्यांत मिळून ११४ माणसं. निष्कर्ष सावध होता: उपयोग आणि सुरक्षितता यांबद्दल ठामपणे सांगावं इतका पुरावा नाही. त्यानंतर आणखी चाचण्या झाल्या आहेत आणि बऱ्याचशा उपचाराच्या बाजूनं आहेत, पण त्यांत माणसं थोडी आणि पाठपुरावा काही महिन्यांचाच, अशी स्थिती पुष्कळदा दिसते. माझं मत विचाराल तर योग्य रुग्णाला याचा खरा फायदा होतो. 'योग्य रुग्ण' कोण, ते पुढच्या प्रश्नात.

६. मला याचा उपयोग होईल की नाही, हे आधी कसं कळणार?

तपासणीनं कळतं, आणि ती तपासणी न करता कोणी पॅकेज सांगत असेल तर तिथून उठून यावं. डोळ्यात पिवळा रंग घालून अश्रूंचा थर किती सेकंदांत फुटतो ते पाहतात. १० सेकंदांच्या आत फुटला तर तो अस्थिर समजतात. कागदाची पट्टी पापणीत अडकवून ५ मिनिटांत ती किती भिजते ते मोजतात, याला शर्मर चाचणी म्हणतात. ५ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे पाणीच अपुरं. मग डॉक्टर पापणी दाबून तेल पाहतात: स्वच्छ आहे, गढूळ आहे, टूथपेस्टसारखं आहे, की येतच नाही. शेवटी मायबोग्राफी. इन्फ्रारेड कॅमेऱ्यानं पापणी उलटी करून फोटो काढतात आणि किती ग्रंथी शिल्लक आहेत ते त्यात दिसतं.

पाणी पुरेसं, तेल घट्ट, ग्रंथी बऱ्याचशा शाबूत आणि पापणीच्या कडेला लाल बारीक वाहिन्या असं चित्र असेल तर आयपीएलकडून आशा ठेवायला जागा आहे. ग्रंथी जवळजवळ संपलेल्या असतील तर ती आशा फार थोडी. मायबोग्राफीचा फोटो मागून घ्या आणि जपून ठेवा. वर्षभरानं तुलना करायला त्याच्याइतकी चांगली गोष्ट नाही.

७. माझा रंग सावळा आहे. चेहरा भाजेल का? डाग पडतील का?

आपल्याकडे हा प्रश्न सगळ्यात आधी विचारायला हवा आणि बहुतेक वेळा तो सगळ्यात शेवटी निघतो.

आयपीएलच्या प्रकाशाला हिमोग्लोबिन गाठायचं असतं, पण वाटेत मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, असतं आणि तेही हा प्रकाश शोषतं. त्वचेत मेलॅनिन जितकं जास्त तितकी उष्णता वरच्या थरातच अडकते. परिणाम दुहेरी: खाली पोचायचा तो प्रकाश कमी पोचतो आणि वर भाजण्याची शक्यता वाढते. भाजलं तर फोड येऊन तिथे काळे डाग राहतात, आणि आपल्या त्वचेवर ते महिनोन्महिने जात नाहीत. क्वचित उलट होऊन पांढुरके चट्टे पडतात.

त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेली एक श्रेणी यासाठी वापरतात. उन्हात त्वचा भाजते की काळवंडते, त्यावरून प्रकार ठरतो. आज त्यात सहा प्रकार आहेत. पहिला अतिशय गोरा, सहावा गडद काळा. प्रश्न ५ मधली अमेरिकन मान्यता पहिल्या ते चौथ्या प्रकारापुरतीच आहे. भारतीयांची त्वचा बहुतांशी चौथ्या-पाचव्या प्रकारात येते, काहींची तिसऱ्या किंवा सहाव्या. म्हणजे आपल्यातले पुष्कळ जण मान्यतेच्या सीमेवर किंवा तिच्या बाहेरच असतात.

चौथ्या प्रकाराला उपचार देता येतो, पण ऊर्जा कमी ठेवून, झपकाऱ्यांमध्ये अंतर वाढवून, जास्त तरंगलांबीचा फिल्टर लावून आणि थंड जेलचा जाड थर देऊन. पाचव्या प्रकारात काही अनुभवी डॉक्टर याहून सावध मांडणीनं तो देतात, पण आधी कानाजवळच्या छोट्या जागी एक झपकारा देऊन काही दिवस वाट पाहतात. या चाचणीला 'टेस्ट स्पॉट' म्हणतात. तुमचा रंग गहू ते सावळा असेल तर ती मागून घ्या, आणि 'गरज नाही' असं उत्तर आलं तर कारण विचारा. सहाव्या प्रकारात आयपीएल टाळावं.

रंग ऋतूप्रमाणे बदलतो, हेही ध्यानात ठेवा. मे महिन्यात शेतात, साइटवर किंवा दुचाकीवर हिंडलेला माणूस जानेवारीपेक्षा एक प्रकार पुढे गेलेला असू शकतो. यंत्राची मांडणी दर भेटीला त्वचा पाहून ठरायला हवी. मागच्या वेळचा आकडा तसाच चालवायचा नाही.

८. मग सावळ्या माणसानं सरळ लाल मास्कच का घेऊ नये?

घेता येतो. त्याची ऊर्जा सौम्य असल्यामुळे भाजण्याचा धोका नगण्य आहे आणि तो सगळ्या प्रकारच्या त्वचेला चालतो. शिवाय तो मिटलेल्या डोळ्यांवर ठेवतात, त्यामुळे वरच्या पापणीलाही प्रकाश मिळतो. पण त्याच्यावरचा अभ्यास आयपीएलपेक्षा कमी आहे, आणि फुगलेल्या रक्तवाहिन्या हाच ज्यांचा मुख्य त्रास, त्यांना आयपीएलइतका फरक त्यानं पडेल असं गृहीत धरू नका. तेल घट्ट आहे, कडेला लाली फारशी नाही आणि त्वचा पाचव्या-सहाव्या प्रकारची आहे, अशांना मात्र मी आधी मास्कचाच विचार करायला सांगते.

९. सेशनमध्ये नेमकं काय करतात? दुखतं का?

चेहरा धुऊन, मेकअप काढून डोळ्यांवर अपारदर्शक झाकणं लावतात. गालांवर आणि नाकावर थंड जेल लावून एका कानाच्या पुढून दुसऱ्या कानापर्यंत, खालच्या पापणीच्या खालून, झपकाऱ्यांची रांग ओढतात. सहसा दोन फेऱ्या होतात. प्रत्येक झपकाऱ्याला गरम चटका बसल्यासारखं वाटतं. नाकाजवळ आणि कानाजवळ जरा जास्त. हा भाग १०-१५ मिनिटांत आटपतो.

त्यानंतर ग्रंथी दाबून रिकाम्या करतात. बधिर करणारे थेंब घालून चिमट्यानं पापणी कडेशी दाबतात आणि थिजलेलं तेल बाहेर काढतात. खरं दुखतं ते हे, आणि अनेकांना ते आधी सांगितलेलंच नसतं. पण हा टप्पा गाळू नका. प्रकाशानं सैल झालेलं तेल आतच राहिलं तर अर्धं काम राहून जातं. तुमच्या दवाखान्यात हे करतात का, ते विचारून घ्या.

१०. किती वेळा घ्यावं लागतं? फरक किती दिवस टिकतो?

नेहमीचा क्रम चार सेशनचा, दोन ते चार आठवड्यांच्या अंतरानं. पहिल्या भेटीनंतर काही वाटलं नाही तर निराश होऊ नका. बहुतेकांना दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर बदल जाणवतो. परिणाम साधारण सहा महिने ते वर्षभर टिकतो आणि मग पुन्हा एखादं सेशन घ्यावं लागतं. हा आजार मधुमेहासारखा सांभाळत राहण्याचा आहे. 'कायमचा बरा' अशी पाटी कुठे दिसली तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

११. आयपीएल घेतल्यावर शेक आणि थेंब बंद करता येतील ना?

थेंब कमी होऊ शकतात. शेक बंद करू नका. शेकाचा उपयोग होत नाही असं म्हणणारे बहुतेक जण तो फार थोडा वेळ आणि फार कोमट देतात. पापणीच्या आतपर्यंत ४० अंशांच्या आसपास उष्णता पोचायला हवी आणि ती ८-१० मिनिटं टिकायला हवी. गरम पाण्यात पिळलेला रुमाल दोन मिनिटांत गार होतो, म्हणून दुसरा तयार ठेवून बदलत राहावं लागतं. तापवून वापरायचा मास्क मिळाला तर उत्तम. तव्यावर तापवलेला कपडा नको. त्याचा अंदाज येत नाही आणि पापणीची कातडी फार नाजूक असते. शेकानंतर वरची पापणी खाली आणि खालची पापणी वर, अशी बोटानं हलकी मालिश करा. डोळ्याच्या गोलावर दाब देऊ नका.

१२. मुलीचं लग्न दोन महिन्यांवर आहे. आत्ता सुरू करू का?

तिचं स्वतःचं लग्न असेल तर थांबलेलं बरं. चार सेशन दोन महिन्यांत जेमतेम बसतात आणि शेवटच्यानंतर त्वचेला निवांत व्हायला वेळ उरत नाही. झालेली लाली सहसा एक-दोन दिवसांत जाते, पण डाग पडलाच तर तो फोटोंत दिसेल. सेशनच्या आसपास ब्लीच, फेशियल, वॅक्सिंग, स्क्रब हे सगळं टाळायचं असतं, हळदीचा लेपही ताज्या लाल त्वचेवर नको. निदान महिनाभर कडक ऊन टाळून रोज सनस्क्रीन लावावं लागतं, घरात असलं तरी. त्यामुळे आपल्याकडे पावसाळा संपल्यापासून थंडी सरेपर्यंतचा काळ या उपचाराला सोयीचा. तोवर शेक आणि थेंब चालू ठेवा.

१३. हा उपचार कोणी घेऊ नये?

ल्युपससारखा उन्हानं वाढणारा आजार, चेहऱ्यावर त्वचेचा कर्करोग किंवा संशयास्पद तीळ, चालू नागीण किंवा जंतुसंसर्ग, प्रकाशाच्या झपकाऱ्यांनी येणारी फिट यांपैकी काही असेल तर आयपीएल नको. गरोदरपणात धोका सिद्ध झालेला नाही, पण घाईचं कारणही नसतं, बाळंतपणानंतर पाहावं. प्रौढांवरच अभ्यास झाला आहे आणि अमेरिकन मान्यता २२ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी आहे.

चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवाच. डॉक्सिसायक्लिन त्वचेला प्रकाशासाठी हळवी करतं, आणि गंमत नाही, पण हीच गोळी याच आजारासाठीही देतात. त्यामुळे एकाच वेळी दोन डॉक्टरांकडे जाणाऱ्यांनी विशेष सांभाळावं. आयसोट्रेटिनॉइन चालू असेल किंवा नुकतंच थांबवलं असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. भुवया किंवा पापणीच्या कडेला कायमचा रंग गोंदवून घेतला असेल तर तेही सांगा. तो रंग प्रकाश शोषून तापतो.

१४. गालावरची दाढी जाईल का?

ज्या भागावर झपकारे पडतात तिथले काळे केस विरळ होऊ शकतात, कारण केस घालवण्यासाठी वापरतात तो प्रकाश याच जातीचा. पुरुषांनी दाढीची वरची रेषा कुठपर्यंत हवी ते आधीच दाखवावं. भुवया आणि पापण्यांचे केस झाकलेले असायला हवेत.

१५. प्रकाश डोळ्यात गेला तर दृष्टी जाईल?

झाकणं नीट असतील तर तशी भीती नाही. पण नसतील तर इजा होते. डोळे पुरेसे न झाकता पापणीवर किंवा भुवईजवळ आयपीएल वापरल्यामुळे बुबुळाला कायमची इजा झाल्याची, बाहुलीचा आकार बिघडल्याची आणि डोळ्याच्या आत सूज आल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. बुबुळातही रंगद्रव्य असतं आणि पापणी मिटल्यानं हा प्रकाश अडत नाही.

वरच्या पापणीवर थेट झपकारे देणार असतील तर कॉर्नियावर बसवायचं धातूचं कवच लागतं आणि ते नेत्रतज्ज्ञानंच बसवावं. म्हणूनच ब्यूटी पार्लरमध्ये, तिथे यंत्र कितीही चांगलं असलं तरी, डोळ्यांजवळ आयपीएल घेऊ नका. घरी केस काढायला मिळणारी आयपीएल यंत्रंही डोळ्यांभोवती वापरायची नसतात. तसं त्यांच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं.

१६. पापण्यांच्या मुळाशी कोंडा होतो, खाज येते. डॉक्टर 'किडे आहेत' म्हणाले. मी अस्वच्छ आहे का?

मुळीच नाही. डेमोडेक्स हे सूक्ष्म किडे आहेत. वय वाढतं तसे ते बहुतेकांच्या त्वचेवर सापडतात. संख्या फार वाढली की पापणीच्या केसाभोवती नळीसारखा कोंडा दिसतो, तीच त्यांची खूण. आयपीएलनं ते कमी होतात, पण त्यासाठी तेवढाच उपचार पुरत नाही. टी ट्री तेलाच्या घटकाचे पापणीसाठी बनवलेले वाइप्स किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध वापरावं. बाजारातलं शुद्ध टी ट्री तेल कधीही डोळ्याजवळ लावू नका, कॉर्निया भाजतो. अमेरिकेत या किड्यांसाठी लोटिलानर नावाचे थेंब २०२३ मध्ये मान्य झाले आहेत.

१७. मुलाला सारखी रांजणवाडी होते. त्यानं आयपीएल घ्यावं का?

लहान मुलांत आयपीएल नको (प्रश्न १३). त्याला शेक, पापणीची स्वच्छता आणि चष्म्याच्या नंबराची तपासणी एवढ्यानं पुष्कळदा भागतं. मोठ्या माणसांत दुखून लाल झालेल्या ताज्या रांजणवाडीवर आधी संसर्गाचा उपचार होतो. दुखत नसलेली, रेंगाळलेली गाठ हा ग्रंथीत तेल कोंडल्याचा परिणाम असतो. वारंवार होत असेल तर शांत काळात आयपीएलचा विचार करता येतो. एक इशारा: पन्नाशीनंतर त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल किंवा तिथले केस गळत असतील तर आधी तुकडा तपासायला पाठवायला हवा. तेलग्रंथींचा कर्करोग साध्या गाठीसारखा दिसू शकतो, आणि पापणीच्या कर्करोगांत त्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे जास्त आहे.

१८. आईला संधिवात आहे, तोंडही कोरडं पडतं. तिला उपयोग होईल?

हे वाचून मनात पहिल्यांदा येतं ते श्योग्रेन. त्या आजारात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळ बनवणाऱ्या ग्रंथींवर हल्ला करते. कमतरता मुळात पाण्याची असते आणि अश्रुग्रंथीवर आयपीएलचा इलाज नाही. रक्ततपासणी आणि संधिवाततज्ज्ञांची भेट आधी. सायक्लोस्पोरिनचे थेंब, अश्रू वाहून जाण्याची नळी बंद करणारी छोटी बुचं हे तिच्यासाठी जास्त मोलाचं. मात्र अशा पुष्कळ रुग्णांत तेलाच्या ग्रंथीही बिघडलेल्या असतात. तेवढ्या भागापुरता प्रकाशोपचार जोडता येतो. अपेक्षा त्या मापात ठेवा.

१९. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. कोरडेपणाचा उपचार आधी की नंतर?

आधी. भिंगाचा नंबर ठरवताना कॉर्नियाची वक्रता मोजतात आणि अश्रूंचा थर फुटका असेल तर ते माप चुकतं. लॅसिकला, म्हणजे चष्म्याचा नंबर घालवायच्या लेझर ऑपरेशनला, हेच लागू. शिवाय त्यात कॉर्नियाच्या बारीक नसा कापल्या जात असल्यानं नंतर कोरडेपणा वाढतो. ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर काही महिने थांबावं आणि सर्जनची परवानगी घ्यावी. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घालणाऱ्यांनी त्यांतल्या प्रिझर्व्हेटिव्हबद्दल (थेंब टिकवणाऱ्या रसायनाबद्दल) विचारावं; त्यानंही पृष्ठभाग बिघडतो. ते थेंब मनानं बंद मात्र करू नका, दृष्टी त्यांच्यावर टिकून आहे.

२०. ओमेगा-३ च्या कॅप्सूल घेतल्या तर हे सगळं टळेल का?

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ड्रीम' या अमेरिकन चाचणीत रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेणाऱ्यांची ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांशी वर्षभर तुलना केली. दोन्ही गटांना बरं वाटलं, पण त्यांच्यात लक्षणीय फरक आढळला नाही. बांगडा-तारली खात असाल तर आनंदानं खा; कॅप्सूलवर भिस्त ठेवून तपासणी लांबवू नका.

२१. खर्चाचं काय विचारावं? विमा मिळतो का?

एका सेशनचा भाव विचारू नका. चारही सेशन, ग्रंथी रिकाम्या करणं, आधीची आणि नंतरची मायबोग्राफी, आणि वर्षभरानंतरचं सेशन असा एकत्र आकडा लेखी मागा. सगळे पैसे आगाऊ भरू नका. दोन भेटींनंतर पुन्हा तपासून पुढचं ठरवायची मुभा हवी. आपल्याकडच्या बऱ्याच पॉलिसी भरती होऊन घेतलेल्या किंवा डे-केअर यादीतल्या उपचारांनाच पैसे देतात, म्हणून कंपनीकडून आधी लेखी उत्तर घ्या. पैशांची ओढाताण असेल तर दोन महिने नेटानं शेक आणि स्वच्छता करून पाहा. पुष्कळांचं तेवढ्यावर भागतं.

२२. चार सेशन झाली. रिपोर्ट सुधारले म्हणतात, पण माझा डोळा तसाच दुखतो. मी खोटं बोलतोय असं घरच्यांना वाटतं.

तुम्ही खोटं बोलत नाही. आधी साध्या गोष्टी तपासायला सांगा: ॲलर्जी, झोपेत अर्धवट उघडे राहणारे डोळे, डोळ्याच्या पांढऱ्या भागावरची सैल झालेली पातळ त्वचा, थेंबांतल्या प्रिझर्व्हेटिव्हचा त्रास, ॲलर्जीच्या किंवा नैराश्याच्या गोळ्यांनी येणारा कोरडेपणा. हे सगळं निरसून झालं आणि तरी डोळा जळतच असेल तर दुखणं पृष्ठभागाचं नसून नसांचं असू शकतं. कॉर्नियाच्या नसा दीर्घ सूज, लॅसिक किंवा नागिणीनंतर बिघडून, कारण संपलं तरी वेदनेचे संदेश पाठवत राहतात. याची एक साधी पारख आहे: दवाखान्यात बधिर करणारा थेंब घातला आणि दुखणं पूर्ण थांबलं, तर कारण पृष्ठभागावर असण्याची शक्यता जास्त, थांबलं नाही, तर नसांचा विचार करायला हवा. हा थेंब घरी कधीही वापरायचा नाही, त्यानं कॉर्निया विरघळू शकतो.

अशा दुखण्याला आणखी आयपीएल देऊन काही मिळत नाही. त्याचे उपचार वेगळे आहेत, नसांवर काम करणाऱ्या गोळ्यांपासून स्वतःच्या रक्तातून बनवलेल्या सीरमच्या थेंबांपर्यंत, आणि ते कॉर्नियाच्या तज्ज्ञाकडे मिळतात. पाचव्या सेशनचे पैसे भरण्याआधी तिथली वेळ घ्या, आणि जमलं तर घरच्यांपैकी एकाला सोबत न्या.